माझं पाव विमान

"विकेण्डला काय केलंस?" सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी हा प्रश्न येतोच. उत्तरंही ठरलेली. सिनेमा, मॉल, लॉण्ड्री. एकदा बेसावधपणे मी खरं उत्तर देऊन बसले, "विमानाचं ऑइल बदललं." झालं! पुढचे दोन आठवडे लंचचं बिल टेबलावर आलं की आपोआप माझ्याच दिशेने सरकायचं.

तेव्हा गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकते. मी डोंबिवलीची. वडील सेंट्रल रेल्वेत मोटरमन होते, आई घरी शिवणक्लास चालवायची. मी एमएस करायला अमेरिकेत आले, कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचाच राग ओढवून घ्यायचा. बंगला नाही, स्विमिंग पूल नाही. विमान आहे, पण पाव. वडापावातला पाव नव्हे, हिशोबातला. एक सेसना १७२ आणि तिचे आम्ही चार मालक.

२०१६ साली आम्ही ती ४४ हजार डॉलरला घेतली. माझ्या वाट्याला आले ११ हजार. तेवढ्यात तेव्हा नवीकोरी होंडा सिव्हिकसुद्धा आली नसती. कारण सरळ आहे, विमान १९७४ सालचं. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठं. पंखांवरचा रंग उडालेला, सीटकव्हर उसवलेलं (ते आईने तिच्या पहिल्या व्हिजिटमध्ये हाताने शिवून दिलं). मी तिला 'म्हातारी' म्हणते. पार्टनर लोकांना वाटतं वयावरून. त्यांना कुठून माहीत असणार, आपल्याकडे सावरीचं बोंड फुटलं की हवेत तरंगत जाते तीही म्हातारीच, आणि तिच्यामागे आम्ही गल्लीभर धावायचो.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांचं विमान? भीती नाही वाटत? अहो, इथल्या छोट्या विमानतळांवर जाऊन बघा, निम्मी विमानं याच वयाची दिसतील. सेसना १७२ बाजारात आली १९५६ साली आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. मग अपघातांच्या नुकसानभरपाईचे खटले इतके वाढले, की १९८६ मध्ये कंपनीने या छोट्या विमानांचं उत्पादनच थांबवलं. १९९४ साली कायदा झाला, १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानासाठी कंपनीला कोर्टात खेचता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. मधल्या दहा वर्षांत लोकांनी जुनीच विमानं जिवापाड सांभाळली. नवीन घ्यायचं तर किंमत काही लाख डॉलरमध्ये जाते. म्हणून आमच्यासारख्यांसाठी म्हातारीच.

अ‍ॅव्हरेज किती देते?

मराठी माणूस विमानाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो. तर ऐका. तासाला साधारण ३० लिटर पिते आणि तेवढ्यात १९५ किलोमीटर जाते. म्हणजे लिटरला साडेसहा. ट्रकपेक्षा बरं. सीटा चार, पण टाकी फुल असेल तर चार धट्टीकट्टी माणसं बसू शकत नाहीत. उडताना सगळं मिळून वजन १०४३ किलोच्या आत हवं. त्यामुळे माझ्याबरोबर यायचं तर आधी खरं वजन सांगावं लागतं. या एका अटीवर माझ्या दोन मैत्रिणी आजतागायत जमिनीवर आहेत.

उडण्यापूर्वी अर्धा तास नुसती तपासणी. पंखांखालच्या छोट्या झडपेतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून बघायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून खालूनच काढायचं. ऑइलची पट्टी ओढून बघायची. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायचं, दगड लागून टवका उडालाय का ते कळतं. मग इंजिन सुरू करून मॅग्नेटो तपासायचे. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी मेली, दिवे गेले, रेडिओ बंद पडला तरी इंजिन चालूच राहतं. मला हे डिझाइन इतकं आवडतं की ऑफिसात कुणी 'बॅकअपची काय गरज' म्हणालं की मी मॅग्नेटोवर लेक्चर देते. आता कुणी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं गेलं तरी विमानांच्या पेट्रोलमध्ये ते राहिलं. आमचं विमान असतं त्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाला लागून वस्ती आहे, शाळा आहेत, मोठा मॉल आहे. २०२१ साली इथल्या काउण्टीने अभ्यास करून घेतला. विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त निघालं. १ जानेवारी २०२२ पासून इथे शिशाचं इंधन विकणं बंद झालं आणि २०३१ पासून ते अख्ख्या कॅलिफोर्नियात बंद होणार आहे. म्हातारीचं इंजिन कमी कॉम्प्रेशनचं, तिला शिसं नसलेलं ९४ ऑक्टेनचं चालतं. पण त्याआधीची सहा वर्षं मी त्याच घरांवरून शिसं सोडत फिरले, हेही खरंच.

कुर्त्याचं शेपूट

मी शिकले २०१४ मध्ये. खासगी पायलटच्या लायसन्ससाठी अमेरिकेत किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. मला लागले ७१. लॅण्डिंग म्हणजे गच्चीवरून उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, असं तीन महिने चाललं होतं. मी इथली नागरिक नाही, त्यामुळे आधी बोटांचे ठसे, सुरक्षा तपासणी वगैरे सगळे सोपस्कार. मग लेखी परीक्षा, मग परीक्षकासमोर तोंडी आणि लगेच त्याला शेजारी बसवून उड्डाण. दहावीच्या बोर्डालाही एवढी घाबरले नव्हते.

पहिल्यांदा एकटीने उडवलं की शर्टाची मागची शेपटी कात्रीने कापायची इथे पद्धत आहे. सांगतात की जुन्या विमानांत शिक्षक मागे बसायचा आणि आवाज पोचत नसल्यामुळे विद्यार्थ्याचा शर्ट ओढून सूचना द्यायचा. एकटा उडाला, आता शेपटीची गरज नाही! मी नेमका त्या दिवशी लक्ष्मी रोडवरून घेतलेला कुर्ता घातला होता. तो तुकडा अजून माझ्या डेस्कवर लावलेला आहे.

"इथे भारतात करता येईल का?" मेलवर भाचरं नेहमी विचारतात. येतं की. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडी टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं पायलट लायसन्स मिळालं, तेही मुंबईत. आजही वय १७ पूर्ण, मेडिकल, लेखी परीक्षा, रेडिओची वेगळी परीक्षा आणि ४० तास, एवढं केलं की खासगी लायसन्स मिळतं. धुळे, बारामती, शिरपूरच्या धावपट्ट्यांवर मुलं शिकतात. पण त्यातली जवळजवळ सगळी एअरलाइनची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून. रविवारी सकाळी उगाच चक्कर मारायला विमान, हे आपल्याकडे विरळाच. छोटे विमानतळ कमी, इंधन महाग आणि कागदपत्रं विमानापेक्षा जड. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बनवणाऱ्या अमोल यादव यांना त्याचं रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ उजाडलं, यावरून काय ते समजा.

फिल्टरमधली चमचम

आता मुद्द्याची गोष्ट. दर बारा महिन्यांनी विमानाची वार्षिक तपासणी होते. पत्रे उघडतात, केबल ताणून बघतात, सिलिंडरची हवा मोजतात. सीए ऑडिटला आल्यावर दुकानदाराचं जे होतं ते आमचं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या आणि मला फोन केला, "येऊन बघून जा." घड्यांमध्ये चमचम होती. त्याने लोहचुंबक फिरवलं, चमचम चिकटली. लोखंड. म्हणजे इंजिनच्या आत काहीतरी झिजत होतं.

आमच्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं ऑइल हळूहळू खाली निथळतं, उघड्या पोलादाला दमट हवा लागते आणि गंज धरतो. पुढे इंजिन चालवलं की तो गंजलेला भाग खरवडत जातो. म्हणजे विमान उडवून खराब होत नाही, न उडवून होतं. २०२० आणि २०२१ मध्ये आम्ही चौघंही घरात बसलो होतो. म्हातारी बाहेर एकटी उभी होती, खाडीच्या हवेत. ते बिल आता आलं.

इंजिन उतरवून पूर्ण ओव्हरहॉल, ३२ हजार डॉलर. दर तासामागे आम्ही बाजूला टाकत होतो त्या डब्यात निघाले चार हजार. उरले अठ्ठावीस, म्हणजे प्रत्येकी सात. नाहीतर आहे तसं भंगारभावात विकायचं. आमच्या करारात लिहिलंय, मोठ्या निर्णयाला चारपैकी तीन मतं हवीत. निवृत्त पोस्टमन म्हणाला दुरुस्त करू. शाळेतली शिक्षिकाही म्हणाली दुरुस्त करू. डेंटिस्टच्या घरी नुकतंच जुळं झालं होतं, तो म्हणाला विका. मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

सात हजार डॉलर तेव्हा माझ्याकडे होते. पण ते डोंबिवलीचे होते. आईबाबांची सोसायटी रीडेव्हलपमेण्टला निघाली होती. बिल्डर थोडी जास्त जागा विकत देत होता आणि मी आईला कबूल केलं होतं की तेवढे पैसे मी घालते. पावणेसहा लाख. त्यात एक लहानशी खोली वाढणार होती, आईच्या शिलाई मशीनसाठी. आयुष्यभर ते मशीन तिने दिवाणाच्या कडेला ठेवून चालवलं.

मी एक रात्र मागितली. एक्सेल शीट उघडून बसले, जसं काही आकडे माझ्या वतीने ठरवणार होते. सकाळी मेसेज टाकला, "दुरुस्त करू." डेंटिस्टने कुरकुरत का होईना चेक दिला. आईला फोनवर सांगितलं, "सध्या पैसे अडकलेत, बिल्डरला नाही म्हण." कशात अडकलेत, ते नाही सांगितलं.

पिवळा होता ना?

मे महिन्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी आले. इंजिन जूनच्या सुरुवातीला परत चढलं. पण मी लगेच बाबांना नेऊ शकत नव्हते. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लॅण्डिंग केलेली नसतील तर पॅसेंजर बसवता येत नाही, असा नियम आहे आणि माझे हात तर चार महिने रिकामे. म्हणून आधी शिक्षकाबरोबर, मग एकटीने गोल-गोल घिरट्या मारल्या. बाबांचा बेत दोनदा रद्द झाला, एकदा वाऱ्यामुळे, एकदा पार्टनरने बुकिंग केल्यामुळे. तिसऱ्या शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सहालाच तयार. बेत होता हाफ मून बेचा. तिथे धावपट्टीपासून चालत बंदरावर जायचं आणि मासे खायचे. आई म्हणाली, "मी येत नाही. किती वाजता परत याल तेवढं सांगा."

बाबांनी आधी म्हातारीला एक फेरी मारली, डब्याला मारावी तशी. मग विचारलं, "पीओएच झालंय ना?" पीओएच म्हणजे पिरिऑडिक ओव्हरहॉल. लोकलचे डबे माटुंग्याच्या वर्कशॉपला त्यासाठीच जातात. "झालंय बाबा. नुकतंच." "किती लागले?" मी कानाला हेडसेट लावला आणि ऐकू न आल्याचं नाटक केलं.

टॉवरची प्रत्येक सूचना मी उलट म्हणून दाखवते, ते त्यांना फार आवडलं. वर गेल्यावर विचारलं, "हात सुटला तर काय होतं?" लोकलमध्ये मोटरमनचा हात हॅण्डलवरून सुटला की ब्रेक लागतात. मी दोन्ही हात वर करून दाखवले. म्हातारी सरळ चालली होती. बाबांनी शांतपणे सांगितलं, "धर."

लॉस गॅटोस मागे टाकून साडेचार हजार फुटांवरून आम्ही सांताक्रूझचे डोंगर ओलांडले. पलीकडे पॅसिफिक दिसायला हवा होता. दिसला तो गादीवाल्याने पिंजून टाकलेला कापूस, किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत. जूनमध्ये हे नेहमीचंच, दुपारपर्यंत धुकं मागे हटतं. निघताना हाफ मून बेच्या हवामानयंत्राने मोकळं आकाश सांगितलं होतं. आता रेडिओवर तेच यंत्र म्हणत होतं, ८०० फुटांवर पूर्ण झाकलेलं.

आणि त्या कापसात एक भोक होतं. पेस्काडेरोच्या आसपास, तळाशी निळं पाणी दिसत होतं. त्यातून खाली उतरायचं, ढगाखालून किनारा धरून दहा मिनिटं जायचं, की पोचलो. इंजिन झकास चाललं होतं, टाक्या भरलेल्या. मनात काय चाललं होतं ते तसंच्या तसं लिहिते: पावणेसहा लाख घातले आणि बापाला हॉटेलपर्यंतसुद्धा नेता येत नाही?

ढगात शिरलं की काय होतं ते आम्हाला शिकवलेलं असतं. बाहेरचं काही दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं बोलायला लागतो. विमान वळत असतं आणि अंग शपथेवर सांगतं की सरळ चाललोय. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर प्रयोग केला होता, नुसत्या यंत्रांकडे बघून उडवण्याचं शिक्षण न झालेल्यांवर. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. जुलै १९९९ मध्ये जॉन केनेडी ज्युनियर असेच रात्रीच्या धुरकट हवेत समुद्रात कोसळले, बरोबर बायको आणि मेहुणी. ढगात उडवायचं ते वेगळं शिक्षण माझंही झालेलं नाही. भोक बुजलं, ढग आणखी खाली आले, तर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये मी.

तरी मी त्या भोकावर एक चक्कर मारलीच. मग वळले.

डोंगर पुन्हा ओलांडेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग हेडसेटमध्ये आवाज आला.

"पिवळा होता ना?"

"हो."

"सिंगल का डबल?"

"सिंगल."

"म्हणजे पुढे लाल." थोडं थांबून म्हणाले, "२६ जुलैला सायन-कुर्ल्याच्या मध्ये मी गाडी उभी केली होती. लोक केबिनच्या काचेवर थापा मारत होते, चला हो मोटरमन, चला. रूळ पाण्याखाली, पुढचं काही दिसत नव्हतं. नाही हललो. काय शिव्या खाल्ल्यात त्या दिवशी! तुला कोण शिव्या देणार आहे? मी?"

विमान दोरांना बांधताना मी त्यांना पैशांचं सांगितलं. सगळं. ते दोराची गाठ तपासत राहिले. मग म्हणाले, "हे तू आईला सांगायचंस. मी नाही." मी आशेने विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं?" "मला विचारलं असतंस तेव्हा वाटलं असतं."

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाजी चिरत होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं. मी बिल्डरला पडदे कुठे लावणार ते विचारत होते." दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. नंतर बोलायला लागली, पण तो विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही. गेल्या वर्षी नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. व्हिडिओ कॉल लावला की टीव्हीच्या शेजारी, हॉलच्या कोपऱ्यात, शिलाई मशीन दिसतं. आई कॅमेरा मुद्दाम तिकडे वळवते असं मला वाटतं. कदाचित तसं नसेलही.

हाफ मून बेला आम्ही गेलो, दोन आठवड्यांनी. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. आई या वेळीही आली नाही, पण डब्यात थालीपिठं दिली, "तिकडचे मासे कसे असतील कोण जाणे." धावपट्टीच्या टोकाशी मी थांबले. मॅग्नेटो तपासले, कंट्रोल तपासले, दारं-पट्टे बघितले. टॉवरने परवानगी दिली, मी ती मोठ्याने परत म्हटली आणि थ्रॉटलवर हात ठेवून सवयीने शेजारी बघितलं. "चलायचं?"

बाबांनी समोरच्या पॅनलवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. गार्ड मोटरमनला गाडी सोडायची घंटा देतो ना, तशी. टण, टण.